ती बाई थांब्यावर रोज रडते: स्कॉट्समध्ये आणि इंग्रजीत लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "चार वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनमध्ये राहतो. इंग्रजीत कविता आणि छोट्या गोष्टी लिहितो. आता त्यांत इथली स्कॉट्स आणावीशी वाटते. ती खरंच वेगळी भाषा आहे की गावठी इंग्रजी? स्पेलिंग कुठलं धरायचं? आणि आपण बाहेरून आलेल्यांनी त्यात लिहिलेलं चालतं का?" सोबत कवितेच्या आठ ओळी पाठवल्या आहेत.

आधी तुमच्या तिसऱ्या ओळीबद्दल बोलते, कारण तीत सगळा प्रश्न आलाय. बसथांब्यावर भेटणाऱ्या म्हातारीबद्दल तुम्ही लिहिलंय, 'शी ग्रीट्स ॲट द स्टॉप इल्का मॉर्न'. तुम्हाला म्हणायचंय की ती रोज सकाळी हसून नमस्कार-चमत्कार करते. 'इल्का' म्हणजे प्रत्येक, हा शब्द तुम्ही कोशातून छान उचललात. पण तो आला की वाचणाऱ्याचा कान स्कॉट्सकडे वळतो, आणि स्कॉट्समध्ये 'ग्रीट' म्हणजे रडणं. इथल्या कुणालाही वाचायला द्या, तो विचारेल, "बिचारी रोज का रडते?"

मी सत्तावीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे इथे आले. गेली अठरा वर्षं लायब्ररीत आणि शाळांत गोष्टी सांगते, दोन्ही भाषांत लिहिते. पहिल्या वर्षी शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "आय डूट इट'ल रेन." मी समजले, पावसाची त्यांना शंका आहे, म्हणजे पडणार नाही. छत्री घरी ठेवून गेले आणि चिंब भिजून आले. स्कॉट्समध्ये 'डूट' म्हणजे 'पडणार बहुतेक, वाटतंय मला तसं'. 'माइंड' म्हणजे आठवणं, 'स्टे' म्हणजे कायमचं राहणं, 'मेसेजेस' म्हणजे वाणसामान. बोनी (सुंदर), वी (लहान), लॅसी (मुलगी) हे शब्द कुणीही ओळखतं, त्यांचा धोका नाही. धोका आहे तो इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या, पण आत वेगळ्या असणाऱ्या शब्दांचा.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गावठी इंग्रजी नाही. दोघींची आजी एक, जुनी इंग्रजी. तिच्या उत्तरेकडच्या बोलीतून स्कॉट्स वाढली. एकेकाळी स्कॉटलंडच्या राजदरबाराची आणि कायद्याची भाषा होती. गेलिक हे तिसरंच घराणं, केल्टिक. त्याची यात गल्लत नको. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्कॉट्सबद्दल विचारलं, तेव्हा १५ लाखांहून जास्त लोकांनी ती बोलता येते असं लिहिलं. २०२५ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स दोघींना अधिकृत दर्जा दिला. तरी शाळेत 'नीट बोल' म्हणून ओरडा खाल्लेली पिढी अजून हयात आहे, आणि त्यांच्यापैकी कित्येक जण स्वतःच्याच बोलण्याला 'स्लँग' म्हणतात. 'न्हाई' म्हटलं म्हणून वर्गात हसं झालेल्या आपल्याकडच्या माणसाला हे समजवावं लागणार नाही.

आता मुद्दा. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ कविता इंग्रजीत शिजवलेल्या आणि वरून स्कॉट्सची फोडणी दिलेल्या असतात. ओळ इंग्रजी, तिच्या मधे एक 'वी', एक 'बेर्न' (मूल), एक 'केन' (ठाऊक असणं). याचं टोक २०२० मध्ये दिसलं. स्कॉट्स विकिपीडियातले हजारो लेख एका अमेरिकी किशोरवयीन मुलाने लिहिल्याचं उघड झालं, आणि त्याला भाषाच येत नव्हती. तो इंग्रजी वाक्यातले शब्द एकेक करून बदलत गेला होता. मुलाचा हेतू वाईट नव्हता, पण वाचणाऱ्यांना ते सोंग वाटलं.

भाषा शब्दांच्या खाली, वाक्याच्या सांध्यांत असते. इंग्रजीत 'धिस' आणि 'दॅट' एवढंच. स्कॉट्समध्ये तिसरा 'यॉन' आहे, पलीकडचा, नजरेच्या कडेचा. 'यॉन हूस' म्हटलं की घर आपोआप लांब जातं, विशेषण लागत नाही. अनेकवचनी नाम कर्ता असेल तर क्रियापदाला 'स' लागतो: 'द बेर्न्झ प्लेझ', पण सर्वनाम असेल तर 'दे प्ले'. इंग्रजीचा संपादक ही चूक समजून सुधारतो. त्याला सुधारू देऊ नका, हा नियम शेकडो वर्षांचा आहे. नकार शेपटाला येतो: 'डिना', 'कॅना', 'विना', म्हणजे इंग्रजी 'डोन्ट', 'कान्ट', 'वोन्ट'. मापं एकवचनीच राहतात, 'ट्वा माइल', 'फाइव्ह पुंड'. आपणही 'दोन मैल', 'पाच किलो'च म्हणतो, तेव्हा हे आपल्याला जड जात नाही. काही नामांची अनेकवचनं जुनी आहेत: डोळे म्हणजे 'ईन', बूट म्हणजे 'शिन', आणि गाई म्हणजे 'काय'. हो, 'काय'. माझी आई इथे आली होती तेव्हा एका शेतकऱ्याने कुरणाकडे बोट दाखवून "काय" म्हटलं, आणि आई मला विचारत होती, हा काय विचारतोय.

तुमच्या कवितेतली सहावी ओळ मी बसवून पाहिली. तुम्ही लिहिलंय: 'द ऑल्ड वुमन स्टँड्स इन द कोल्ड ड्रीख रेन'. 'ड्रीख' (उदास, ओलं हवामान) हा एकच शब्द पाहुण्यासारखा अंग चोरून बसलाय. शिवाय 'ओल्ड' 'ऑल्ड' झाला तर 'कोल्ड'ने काय पाप केलं, तोही 'कॉल्ड' व्हायला हवा. ॲबर्डीनची बाई असेल तर ती 'वाइफी'. इथल्या उत्तर-पूर्वेकडच्या बोलीला डॉरिक म्हणतात, आणि तिला शेवटी 'ई' जोडून शब्द लाडाचा किंवा लहान करायची फार हौस: वाइफी, मॅनी, बिट्टी. पाऊस बारीक, धुक्यासारखा असेल तर त्याला 'स्मर' म्हणतात. मग ओळ होते: 'द ऑल वाइफी स्टॅन्ज इ द स्मर'. थंडी सांगायची गरजच उरली नाही, आणि ओळ दोन पावलं आखूड झाली. स्कॉट्समध्ये नीट बसलेली ओळ बहुतेक वेळा आखूडच होते.

कानाच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. इंग्लंडमधला 'होम' उच्चारताना 'ओ' घसरतो, 'ओउ' होतो. आपला ए आणि ओ सरळ उभे राहतात, आणि स्कॉट्सलाही तेच हवं असतं: होम, स्टोन, बोन यांचे इथे हेम, स्टेन, बेन होतात. आपला र इथे चालतो, नव्हे, हवाच. 'निख़्त' (नाइट) आणि 'लिख़्त' (लाइट) मधला ख़ आपल्या 'खडू'चा नाही. 'ख़बर' नुक्त्यासकट म्हणतात तसा घशातून घासत येणारा. तो जमला की 'लॉख' मधला तलावही जमतो. आपली गोची होते ती व आणि व्ह मध्ये. पण डॉरिकमध्ये तिथेही गंमत आहे: 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन' यांच्या जागी 'फिट', 'फार', 'फॅन'. "फिट लाइक?" म्हणजे "कसं काय?"

यमकांचं तर वेगळंच दुकान उघडतं. इंग्रजीत डोकं आणि भाकर जुळतात, हेड-ब्रेड. स्कॉट्समध्येही हीड-डीड-ब्रीड जुळतात, पण 'नीड' आणि 'सीड' त्यांच्या पंगतीला येऊन बसतात, जे इंग्रजीत होत नाही. म्हणून इंग्रजी कविता स्कॉट्समध्ये 'उतरवली' की यमकं मोडतात आणि भलत्याच ठिकाणी नवी उगवतात. ती नवी यमकं सांगतील तिकडे जावं. मी दोन्ही भाषांत एकच कविता करते तेव्हा दुसरी पहिलीचं भाषांतर नसते. प्रसंग तोच, वाट वेगळी.

कवी रॉबर्ट बर्न्सचं नाव टाळून पुढे जाता येत नाही. १७८६ मध्ये किलमार्नॉकला त्याचं पहिलं पुस्तक छापलं, ६१२ प्रती, शेवटी शब्दार्थांची यादी. एडिनबरोच्या विद्वानांनी त्याला 'स्वर्गाने शिकवलेला नांगऱ्या' ठरवलं, आणि त्यालाही ती भूमिका सोयीची होती. प्रत्यक्षात तो इंग्रजी कवी कोळून प्यायलेला होता. उंदरावरची त्याची कविता बघा. पहिल्या कडव्यात तो उंदराशी बोलतो, अस्सल स्कॉट्समध्ये, घाबरलेल्या जिवाला चुचकारत. दुसऱ्या कडव्यात माणसाने निसर्गाशी असलेलं नातं तोडलं, असं म्हणताना भाषा अचानक पुस्तकी इंग्रजी होते. मग पुन्हा खाली, उंदराच्या बिळापाशी. काही समीक्षकांना ते इंग्रजी ठिगळ वाटतं. मला वाटत नाही. शेतातला माणूस क्षणभर टोपी काढून प्रवचनाला उभा राहतो आणि पुन्हा नांगराकडे वळतो, ते भाषेतूनच दिसतं. दोन भाषांत लिहिणाऱ्याने शिकायचं ते हे: भाषा बदलली की कवितेत काहीतरी घडलं पाहिजे. कोण बोलतंय, कुणाशी, किती जवळून, यातलं एखादं तरी हललं पाहिजे. काहीच हललं नसेल तर बदलू नका.

याच जागी एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. विल्यम लॉरिमर नावाचे ग्रीकचे प्राध्यापक होते. त्यांनी मूळ ग्रीकवरून बायबलचा नवा करार स्कॉट्समध्ये आणला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९८३ मध्ये छापला गेला. येशूला सैतान मोह घालतो त्या प्रसंगाचा एक वेगळा मसुदा त्यांनी केला होता. त्यात सगळे स्कॉट्स बोलतात, इंग्रजी बोलतो तो एकटा सैतान.

बर्न्सचा तो कडव्याचा साचाही हाताखालून घाला. त्याला 'स्टँडर्ड हॅबी' म्हणतात, किलबार्खन गावच्या हॅबी सिम्सन या पाइपवाल्यावरच्या जुन्या विलापगीतावरून. सहा ओळी. पहिल्या तीन लांब आणि एकाच यमकाच्या, चौथी तोकडी, पाचवी पुन्हा लांब आणि पहिल्या तिघींच्या यमकाची, सहावी तोकडी, चौथीशी जुळणारी. ओवी ज्याच्या कानात आहे त्याला ती तोकडी चौथी ओळ लगेच ओळखीची वाटेल. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत शेवटचा चरण जसा आखूड पडतो, तसं. पण हॅबीला एक खोडी आहे: त्या तोकड्या ओळी चटकन विनोदी होतात. म्हातारीच्या कवितेला मी तो वापरणार नाही.

गोष्टींकडे वळू, तुमचा खरा ओढा तिथे आहे असं पत्रावरून वाटलं. गोष्टीत पहिला प्रश्न: निवेदक कोण? कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सर्रास केलं ते असं: निवेदन इंग्रजीत, संवाद स्कॉट्समध्ये. आपल्याकडे लेखक प्रमाण मराठीत आणि पात्रं गावच्या बोलीत, तीच बसवणूक. यात नकळत एक उतरंड तयार होते, लेखक ओट्यावर आणि पात्रं अंगणात. पण त्याच स्कॉटने १८२४ च्या 'रेडगाँटलेट' या कादंबरीत एका आंधळ्या फिरस्त्या वादकाच्या तोंडी एक भुताची गोष्ट घातली, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्कॉट्समध्ये, आणि अख्ख्या कादंबरीत लोकांना आठवते ती तेवढीच. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सननेही १८८१ मध्ये एक भयकथा अशीच केली: थोडं इंग्रजी प्रास्ताविक, मग गावातल्या एका म्हाताऱ्याकडे सूत्रं, आणि तिथून पुढे स्कॉट्स. ही चौकट नवख्यासाठी सोन्यासारखी आहे. वाचकाला उंबरठ्यावर थोडा वेळ मिळतो, आणि तुम्हालाही.

तिसरी वाट लुईस ग्रासिक गिबनची. १९३२ च्या त्याच्या 'सनसेट साँग' या कादंबरीत शब्द बहुतांशी इंग्रजी, स्पेलिंगं इंग्रजी, पण वाक्यांची चाल मेर्न्झ भागातल्या शेतकऱ्यांच्या बोलण्याची. त्यातली नायिका ख्रिस स्वतःच म्हणते तसं तिच्यात दोन ख्रिस आहेत, एकीला पुस्तकं आणि इंग्रजी हवी, दुसरीला माती आणि घरची बोली. घरी एक मराठी आणि बाहेर दुसरी बोललेल्या कुणालाही ते पान वाचून घसा दाटेल. दिसायला ही वाट सोपी आहे, पण तिच्यासाठी कान फार तयार लागतो. पाच वर्षांनी बघा.

कान तयार कसा होतो? ऐकून. एडिनबरो विद्यापीठात १९५१ मध्ये 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' सुरू झाली. हॅमिश हेंडरसनसारखे लोक टेपरेकॉर्डर घेऊन शेतांवर, बेरी वेचणाऱ्या भटक्या लोकांच्या तंबूंत गेले. तिथे त्यांना लिहिता-वाचता न येणारी, पण शेकडो ओळींची गाणी आणि रात्रभर पुरतील एवढ्या गोष्टी पाठ असलेली माणसं भेटली. त्यातलं पुष्कळ ध्वनिमुद्रण आता इंटरनेटवर फुकट ऐकता येतं, 'किस्ट ओ रिचेस' या नावाने. किस्ट म्हणजे पेटारा. रोज भाकऱ्या करताना वीस मिनिटं लावा. आधी काही कळणार नाही. तिसऱ्या आठवड्यात वाक्य कुठे श्वास घेतं ते कळेल. मी सील-माणसांच्या आणि पाण्यातल्या मायावी घोड्यांच्या गोष्टी अशाच शिकले, आणि लायब्ररीतल्या मुलांनी माझे उच्चार बिनपगारी दुरुस्त केले.

कोशाबद्दल. आपल्याकडे मोल्सवर्थ तसा इथे जॉन जेमिसन, १८०८. ह्यू मॅकडायर्मिडने १९२० च्या दशकात अशाच जुन्या पुस्तकांतून शब्द उकरून आधुनिक कविता केली. १९२२ च्या त्याच्या पहिल्या गाजलेल्या स्कॉट्स कवितेतले शब्द पर्थशरच्या बोलीवरच्या एका अभ्यासातून आलेले. त्यातला एक मला फार आवडतो, 'याउ-ट्रमल': मेंढ्यांची लोकर कातरून झाल्यावर ऐन जुलैत येणारी थंडीची लाट, उघड्या पडलेल्या मेंढ्या जिच्यात कुडकुडतात. याउ म्हणजे मेंढी, ट्रमल म्हणजे थरथर. एका शब्दात हवामान, धंदा आणि दया. पण मॅकडायर्मिडला बोलीचं बाळकडू होतं, लँगमच्या घरातून. तुम्ही-आम्ही तसं करायला गेलो तर दुकानातला ठोकळेबाजपणा येतो. 'डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' ऑनलाइन फुकट आहे. प्रत्येक शब्दाखाली तो कुठल्या भागात, कुठल्या साली वापरलेला सापडला ते दिलेलं असतं. ते आधी वाचा. शेवटचं उदाहरण १८२० चं आणि शेटलंडचं असेल तर तो शब्द ॲबर्डीनच्या बसड्रायव्हरच्या तोंडी घालू नका.

स्पेलिंगचं उत्तर छोटं आहे. सर्वमान्य असं एक नाही. एक गोष्ट मात्र टाळा: 'वि' (विथ), 'ओ' (ऑफ), 'फू' (फुल) अशा शब्दांपुढे लटकवलेला तो लोपचिन्हाचा (ॲपॉस्ट्रॉफीचा) टिंब. अठराव्या शतकात इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी तो लावू लागले, जणू शब्दातलं एखादं अक्षर गळून पडलंय. स्कॉट्समध्ये हे शब्द तसेच पूर्ण आहेत, त्यामुळे इथले लोक त्याला 'माफी मागणारं चिन्ह' म्हणतात. १९४७ मध्ये एडिनबरोत कवींनी बसून एक नियमपत्रक केलं, त्यातही ते काढायला सांगितलं. बाकी, बोली एक धरा आणि एका लेखनात एकच स्पेलिंग ठेवा. ग्लासगोच्या कवी टॉम लेनर्डने १९६९ पासून शहरी बोली उच्चाराप्रमाणे छापली, ती डोळ्याला टोचावी म्हणूनच. तो राजकीय निर्णय होता. तुमचा तसा काही निर्णय नसेल तर साधं ठेवा.

आता तुमचा अवघड प्रश्न, हक्काचा. मला इथे कुणीही 'तू का लिहितेस' असं विचारलेलं नाही. विचारलं ते असं: "हे तू कुठे ऐकलंस?" त्याला उत्तर असलं की झालं. ग्लासगोच्या सुहैल सादींनी तर स्कॉट्समध्ये उर्दू-पंजाबी कालवून कादंबरी लिहिली, कारण त्या शहरात कानावर पडतं तेच. तुमच्या कवितेतला 'मी' जर तुम्हीच असाल, चार वर्षांपूर्वी आलेला मराठी माणूस, तर तो डॉरिकमध्ये विचार करणार नाही. त्याला इंग्रजी बोलू द्या. डॉरिक त्या बाईची. ती दोनच वाक्यं बोलू दे, पण तिची स्वतःची, थांब्यावर ऐकून वहीत टिपलेली. तुमचं इंग्रजी आणि तिची डॉरिक यांच्यामधे जे अंतर आहे त्यावरच ही कविता उभी आहे, ते बुजवू नका.

आठ ओळींतल्या पाच मी पेन्सिलने खोडल्या आहेत, दुसऱ्या ईमेलमध्ये पाठवते. 'बोनी' दोनदा आलाय, दोन्ही काढा. तिसरी ओळ मात्र खोडायला गेले आणि थांबले. 'शी ग्रीट्स ॲट द स्टॉप इल्का मॉर्न.' ती चुकून झाली, पण बाकी सात ओळींपेक्षा चांगली झाली. ती तशीच ठेवा आणि उद्या सकाळी थांब्यावर त्या बाईकडे पुन्हा एकदा नीट बघा.